शिडी घाटाने वर, गणेश घाटाने खाली : खांडसहून भीमाशंकरचा एका दिवसाचा फेरा

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या अगदी पायाशी, खांडस हे गाव आहे. या गावातून भीमाशंकरच्या माथ्याकडे दोन घाटवाटा जातात : डावीकडची शिडी घाटाची आणि उजवीकडची गणेश घाटाची. या दोन्ही वाटा डोंगराच्या पदरात, म्हणजे साधारण अर्ध्या उंचीवरच्या सपाटीवर एकमेकींना मिळतात आणि तिथून पुढे एकच वाट गर्द रानातून माथ्यापर्यंत चढते. त्यामुळे एका घाटाने चढून दुसऱ्या घाटाने उतरले, तर आल्या वाटेने परत न फिरता गावातून निघून गावातच परत येता येते. सह्याद्रीत अशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. बहुतेक घाटवाटांवर उतरण्यासाठी तीच वाट धरावी लागते, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यात उतरून वाहनाने लांबचा वळसा घ्यावा लागतो.

या फेऱ्यात एक गोष्ट आधी ठरवायची असते आणि ती म्हणजे दिशा. शिडी घाट चढण्यासाठी ठेवावा आणि गणेश घाट उतरण्यासाठी. पहिल्यांदा जाणारे अनेक जण याच्या उलट करतात, कारण सकाळी सोपी वाट बरी वाटते आणि परतताना लवकर खाली पोचण्यासाठी जवळची वाट हवीशी वाटते. शिडी घाट अंतराने कमी आहे हे खरे, पण तो उभ्या कातळातून आणि लोखंडी शिड्यांवरून जातो. चढताना डोळ्यांसमोर कातळ असतो आणि पुढची पकड दिसते. उतरताना मात्र पाठीमागे दरी असते आणि पाय ठेवायची जागा अंदाजाने शोधावी लागते, तीही दिवसभराच्या चालीने मांड्या थरथरत असताना. अनेक वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण ही चूक करून बसलो. दुपारी उशिरा शिड्यांपाशी पोचलो, कातळ पावसाळ्यातला ओलावा धरून होता, आणि सर्वांत वरच्या शिडीच्या तोंडाशी एका मैत्रिणीचा पाय पहिल्या पावठीवर टेकेपर्यंत दहा मिनिटे गेली. एरवी चढताना तासाभरात होणारा तोच टप्पा उतरायला आम्हाला अडीच तास लागले आणि पायथ्याचा ओढा आम्ही दोन विजेऱ्यांच्या उजेडात ओलांडला. कोणाला इजा झाली नाही, परंतु त्यानंतर आम्ही या घाटाने उतरलेलो नाही आणि इतरांनीही उतरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी जावे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या फेऱ्यासाठी सर्वांत चांगला. तोवर कातळ वाळलेला असतो, ओढ्यांत अजून थोडे पाणी असते आणि हवा थंड असते. मार्चपासून चढावरचे गवत पिवळे पडते, मुरमाच्या उतारांवर घसारा वाढतो आणि खांडसच्या बाजूचा खालचा टप्पा भाजून काढतो. ज्यांना उन्हाची सवय आहे त्यांनी एप्रिलच्या शेवटी जाऊन करवंदे चाखावीत, पण पाणी दीडपट न्यावे.

पावसाळ्यात हा पूर्ण फेरा करू नये. शिड्या ज्या घळीत लावल्या आहेत त्या घळीतूनच पाणी कोसळते, शेवाळाने कातळ गुळगुळीत होतो आणि वरून दगडही येतात. पावसाळ्यात काही वेळा प्रशासनाकडून या वाटेवर बंदी घातली जाते. बंदी नसली तरी जून ते सप्टेंबर या महिन्यांत गणेश घाटानेच चढावे आणि गणेश घाटानेच उतरावे. त्यात वर्तुळ पूर्ण होत नाही, पण पावसातला गणेश घाट स्वतःच इतका देखणा असतो की काही हुकले असे वाटत नाही. तेव्हाही सलग दोन-तीन दिवस मोठा पाऊस झाला असेल तर ओढे ओलांडणे धोक्याचे असते आणि बेत पुढे ढकलावा.

महाशिवरात्रीच्या आसपास कोकणातल्या गावांतून असंख्य भाविक याच वाटांनी पायी देवदर्शनाला जातात. त्या दिवशी चुकण्याची भीती राहत नाही आणि सत्तरीतल्या आजीबाई डोक्यावर बोचके घेऊन ज्या सहजतेने चढतात ते पाहण्यासारखे असते. मात्र शिड्यांपाशी रांग लागते आणि वरून चढणाऱ्याच्या पायाने निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यात बसण्याची शक्यता वाढते. शांतपणे रान अनुभवायचे असेल तर महाशिवरात्र आणि श्रावणी सोमवार टाळावेत, आणि शक्य असल्यास शनिवार-रविवारही.

खांडसपर्यंत

मध्य रेल्वेच्या कर्जत किंवा नेरळ स्थानकावर उतरावे. दोन्हीकडून कशेळे गाठता येते आणि कशेळ्याहून खांडसचा रस्ता फुटतो. कर्जतपासून खांडस तीसेक किलोमीटर आहे. एसटीच्या फेऱ्या मोजक्या असल्याने बहुतेक लोक शेअर रिक्षाने किंवा टमटमने आधी कशेळे आणि मग खांडस असे टप्प्याटप्प्याने जातात. सहा-सात जणांचा गट असेल तर स्थानकावरून थेट गाडी ठरवणे सोयीचे पडते. ज्या गाडीने जाल त्या चालकाचा क्रमांक घेऊन ठेवावा, कारण संध्याकाळी खांडसहून बाहेर पडण्यासाठी वाहन मिळवणे सकाळपेक्षा अवघड असते.

माझा आग्रह आदल्या रात्रीच खांडसला मुक्कामाला जाण्याचा आहे. गावात काही घरांमध्ये जेवणाची आणि झोपण्याची सोय होते. तांदळाची भाकरी, पिठले, भात आणि सोबत ठेचा एवढे रात्री पोटात गेले की दुसऱ्या दिवसाचे अर्धे काम झाले. मुंबईहून पहाटेच्या लोकलने निघून त्याच दिवशी फेरा पूर्ण करता येतो, पण मग पायथ्याशी पोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात आणि या डोंगरावर सकाळचे ते दोन-तीन तास फार मोलाचे असतात. त्याचे कारण डोंगराच्या ठेवणीत आहे. खांडस रांगेच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे हिवाळ्यात सूर्य कड्याच्या वर यायला बराच वेळ लागतो आणि शिडी घाटाचा सगळा चढ सावलीत होतो. उशिरा निघणाऱ्याला तोच चढ उन्हात चढावा लागतो.

सोबत काय घ्यावे

प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी घ्यावे. वाटेवर विहीर आहे, पदरात चहा-सरबताची झोपडीवजा टपरी असते, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी ती बंद असू शकते आणि उन्हाळ्याकडे विहिरीचे पाणी तळाला जाते, तेव्हा त्यांच्या भरवशावर निघू नये. खाण्यासाठी गूळ-शेंगदाणे, खजूर, चपाती-भाजी, लिंबू आणि मीठ-साखर असावी. पाठीवरची पिशवी दोन्ही खांद्यांना अडकवायची आणि अंगाला घट्ट बसणारी हवी. एका खांद्यावर लटकणारी किंवा हातात धरायची पिशवी शिडी घाटात नेऊच नये. चादरी, मोठे कॅमेरे, तिपाई अशा वस्तू खांडसला मुक्कामाच्या घरी ठेवून जाव्यात, कारण आपण तिथेच परतणार आहोत. वर्तुळाकार वाटेचा हा एक मोठा फायदा आहे.

बुटांच्या तळव्यांची नक्षी झिजलेली नसावी. गटात एक पन्नास फुटांचा चांगल्या प्रतीचा दोर असावा आणि तो बांधता येणारा निदान एक जण असावा. गाठ येत नसेल तर दोर असून उपयोग नाही. प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी, दोघांत एक पुरत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घातली तर कारवीच्या झाडोऱ्यातून जाताना हातपाय ओरखडत नाहीत. अत्तर किंवा सुगंधी फवारे मारून येऊ नये. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात, त्या उग्र वासाने आणि धुराने चवताळतात आणि शिडीवर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. कोणी वाटेत विडी-सिगारेट ओढू लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे. माश्या हे एक कारण, आणि वाळल्या गवतात लागणारा वणवा हे दुसरे.

गावातून घाटाच्या तोंडाशी

हिवाळ्यात सहाच्या सुमारास, अंधार असतानाच गाव सोडावे. सुरुवातीचा टप्पा गाडीरस्त्याचा आहे. त्या वाटेने चालत गेले की एक पूल लागतो आणि हाच या सबंध फेऱ्याचा नाका आहे. पुलापासून डावीकडे शिडी घाटाची वाट सुटते, तर उजवीकडचा रस्ता गणेश घाटाकडे जातो. संध्याकाळी आपण त्या उजवीकडच्या रस्त्याने इथेच परत येणार असतो, म्हणून पूल आणि आजूबाजूची झाडे नीट पाहून ठेवावीत.

डावीकडे वळल्यावर शेते, वाडीतली घरे आणि त्यांच्यामागे झाडी लागते. इथे ढोरवाटा पुष्कळ आहेत आणि या फेऱ्यात वाट चुकण्याची सर्वांत जास्त शक्यता याच पहिल्या तासात असते. गुरांची वाट आणि माणसांची वाट ओळखण्याची खूण साधी आहे : गुरांची वाट चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाऊन विरते, तर घाटवाटेवर दगडांवर घासून आलेला गुळगुळीतपणा आणि चढावर रचलेले दगड दिसतात. शंका आली तर वाडीतल्या कोणालाही विचारावे. ‘शिडीची वाट कोणती?’ एवढे विचारले की पुरे. पहिल्यांदाच जात असाल आणि गटात वाट माहीत असलेला कोणी नसेल, तर गावातला वाटाड्या घ्यावा. त्याला योग्य मोबदला आधी ठरवून द्यावा आणि वरपर्यंत न नेता पदरापर्यंत सोबत घेतले तरी चालते, कारण पुढची वाट रुंद आणि मळलेली आहे.

समोर डोंगराची भिंत उभी असते आणि तिच्या पुढ्यात, उजव्या हाताला, एक सुटा कातळमाथा दिसतो. तो पदरगड. त्यावरच्या सुळक्याला कलावंतिणीचा महाल असे म्हणतात. आपला आजचा फेरा याच गडाच्या आसपास फिरणार आहे : सकाळी तो उजवीकडे दिसत राहतो, संध्याकाळी त्याच्या कुशीतून वळसा घेत आपण उतरतो. गडावर जाण्यासाठी अरुंद चिमणीतून, म्हणजे कातळातल्या उभ्या फटीतून, चढावे लागते, त्याला वेगळी तयारी आणि वेगळा दिवस हवा. ‘वाटेतच आहे तर जाऊन येऊ’ असा विचार करणाऱ्यांचा भीमाशंकरही राहतो आणि उजेडही संपतो.

शिडी घाट

झाडीतला चढ संपत आला की वाट दगडांच्या नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, शिरते. पावसाळ्यात इथून धबधबा वाहतो. हिवाळ्यात मोठमोठे धोंडे आणि त्यांच्यामधून पायाने शोधायची वाट उरते. इथे थांबून पाणी प्यावे, बुटांच्या नाड्या पुन्हा बांधाव्यात, मोबाइल खिशातून काढून पिशवीत ठेवावा आणि हात मोकळे करावेत.

यापुढे कातळटप्पे आणि लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकानेच चढावे आणि वरचा माणूस शिडी सोडून सुरक्षित जागी सरकल्यावर ‘या’ म्हणून हाक देईपर्यंत खालच्याने पहिल्या पावठीला हात लावू नये. थांबणाऱ्यांनी शिडीच्या सरळ खाली न राहता बाजूला कातळाशी उभे राहावे. चढण्यापूर्वी शिडी दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावी. ही लोखंडाची जोडणी वर्षानुवर्षे पाऊस खात उभी आहे; कुठे पावठी वाकलेली असते, कुठे ती तारेने आवळलेली असते, आणि तारेची टोके तळहातात शिरतात. म्हणून पावठीपेक्षा बाजूच्या उभ्या दांड्यांवर पकड ठेवावी आणि पाय पावठीच्या मधोमध न देता दांड्याला लागून, जिथे ती जोडलेली असते तिथे द्यावा. मधोमध पडलेल्या भाराने गंजलेली पावठी आधी तुटते.

शिड्यांपेक्षा मला स्वतःला त्यांच्यामधला आडवा टप्पा अधिक गंभीर वाटतो. इथे कड्याला लगटून, एका बाजूला दरी ठेवून काही पावले आडवे जायचे असते. उंची फार नसली तरी मोकळेपणामुळे छाती धडधडते. अशा जागी तोंड कातळाकडे ठेवावे, दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवावा, आणि कातळावर पोटाने टेकून राहण्याचा मोह टाळावा. अंग कातळापासून किंचित सुटे ठेवले तर भार सरळ पायांवर येतो आणि बूट घसरत नाहीत. ज्याला भीती वाटते त्याने तसे स्पष्ट सांगावे आणि इतरांनी ते ऐकून घ्यावे. अशा वेळी अनुभवी माणसाने आधी पलीकडे जाऊन दोर पक्का करावा आणि मग एकेकाला घ्यावे. दोर बांधूनही कोणाला पुढे जाववत नसेल तर सर्वांनी मिळून खाली उतरावे आणि पुलाशी येऊन गणेश घाटाने चढावे. पहिल्या शिडीपाशी असे ठरवले तर दिवस वाया जात नाही, दीड-दोन तास जास्त जातात इतकेच.

शेवटच्या शिडीनंतर कातळ मागे पडतो, वाट पुन्हा झाडीत शिरते आणि चढता चढता एकदम समोर सपाटी येते.

पदर

सह्याद्रीच्या कड्याच्या अध्यामध्यात जी पायरीसारखी सपाटी असते तिला पदर म्हणतात आणि पदरगड, पदरवाडी ही नावे तिच्यावरूनच आली आहेत. खाली कोकण, वर कडा आणि मध्ये ही गवताळ, झाडांची पुंजके असलेली पट्टी. शिडी घाट आणि गणेश घाट इथेच भेटतात. चहाच्या टपरीत चुलीवरचा कोरा चहा आणि लिंबू सरबत मिळते. इथे जी काही खरेदी होते ती या वाडीतल्या माणसांची मिळकत आहे, म्हणून घरून आणलेले खाणे थोडे शिल्लक राहिले तरी चालेल, पण चहा इथला घ्यावा.

या जागी घड्याळ पाहून निर्णय घ्यावा. नऊ-साडेनऊला पदरावर पोचलात तर सगळे उत्तम चालले आहे. अकरा वाजून गेले असतील, तर माथ्यावर न जाता पदरात फिरून, जेवून, गणेश घाटाने खाली उतरावे. वर्तुळ तरीही पूर्ण होते. पदरापासून माथा दोन तासांवर आहे आणि उतरायला दीड तास लागतो, तेव्हा अकरानंतर वर गेलेल्या माणसाला, माथ्यावरचा वेळ धरून, पदरात परत यायला चार वाजतात. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि गणेश घाटातल्या झाडीत अंधार त्याहून आधी होतो.

गणेश घाटाकडे जाणारी वाट कोणती हे टपरीवर आत्ताच विचारून घ्यावे. दुपारी परतताना टपरी बंद झालेली असू शकते आणि पायांच्या सवयीने माणूस सकाळी आला त्याच वाटेकडे, म्हणजे शिडी घाटाकडे वळतो.

रानातून माथ्यावर

पदराच्या पुढे खरे जंगल सुरू होते. खालच्या ऐन, साग, पळसाच्या पानझडी रानाची जागा आता जांभूळ, अंजनी अशा सदाहरित झाडांनी घेतलेली असते आणि दुपारीही वाटेवर सावली असते. वाट दगडांनी बांधल्यासारखी, रुंद आणि सरळ चढाची आहे. कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या अशा वाटांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसे आणि माल यांची ये-जा झाली आहे, आणि कोकणातून भीमाशंकरला जाणाऱ्या भाविकांची पावले तर आजही पडतात. दगडांच्या कडा त्या पावलांनी गोल झालेल्या आहेत. चढ दमवणारा आहे, पण अवघड नाही. दर वीस मिनिटांनी उभ्या-उभ्या विश्रांती घ्यावी. बसले की पाय आखडतात.

हा भाग भीमाशंकर अभयारण्याचा आहे. १९८५ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे १३१ चौरस किलोमीटरचे असून पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, इथे पाहायला मिळतो, मात्र त्यासाठी बोलणे थांबवावे लागते. शेकरू दिसण्याआधी त्याचा खडखडणारा, चिडल्यासारखा आवाज येतो. मग वर पाहावे. उंच झाडांच्या दुबेळक्यांत काटक्या-पानांचे मोठ्या टोपलीएवढे गोळे दिसतात, ती त्याची घरटी. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतो. मागच्या जानेवारीत याच चढावर आम्ही एक शेकरू दहा मिनिटे पाहिला. तो मागच्या पायांनी फांदीला उलटा लटकून, पुढच्या दोन पायांत फळ फिरवत खात होता, आणि त्याची लांब, तांबूस, टोकाला फिकट होत गेलेली शेपटी समतोल राखण्यासाठी पाठीमागे लोंबत होती. सालीचे तुकडे टपटप आमच्यासमोरच्या पाचोळ्यावर पडत होते. कोणीतरी पाण्याची बाटली उघडली आणि त्या एवढ्याशा आवाजाने तो तीन झेपांत दिसेनासा झाला. त्याला काही खायला टाकू नये, शिट्टी मारू नये.

वाटेच्या कडेने कारवी दाट आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि तेव्हा सगळा उतार जांभळा होतो. एरवी तिच्या काठ्या ताठ उभ्या असतात आणि त्यांना धरून चढण्याचा मोह होतो. त्या धरू नयेत, मोडतात. पाचोळ्यात हात घालण्याआधी किंवा दगडावर बसण्याआधी काठीने हलवून पाहावे, कारण हिरव्या रंगाचा चापडा नावाचा विषारी साप या रानात आहे आणि तो पानांत मिसळून जातो.

माथ्यावर आल्यावर वाट रानातून बाहेर पडते आणि देवळाच्या दिशेने जाते. भीमाशंकर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आणि भीमा नदीचे उगमस्थान. हीच नदी पंढरपुरात चंद्रभागा म्हणून ओळखली जाते. देऊळ खळग्यात असल्याने बसस्थानकाकडून येणारे लोक पायऱ्या उतरून तिथे येतात. शिखराचे काम नाना फडणवीसांनी करविले असे सांगतात. देवळासमोरची मोठी घंटा आवर्जून पाहावी : १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्यांतली एक इथे लावली. सकाळी आपण चढून आलो त्याच कोकणातून ती आलेली आहे, ही गोष्ट पायी आलेल्या माणसाला अधिक जवळची वाटते. दर्शनाची रांग लांब असेल तर कळसाला हात जोडून निघावे. माथ्यावरच्या नागफणी नावाच्या टोकावरून खाली कोकणचे विस्तीर्ण दृश्य दिसते, परंतु तिथे जाऊन येण्याइतका वेळ साडेअकराच्या आत माथ्यावर पोचलेल्यांकडेच असतो.

माथ्यावर एखाद्याचा गुडघा दुखावला किंवा पाय मुरगळला तर त्याला उतरवण्याचा हट्ट धरू नये. इथून पुण्याला एसटी जाते आणि पुणे सुमारे ११० किलोमीटर आहे. त्याच्यासोबत एकाने जावे, बाकीच्यांनी खांडसला उतरून सामान घ्यावे.

गणेश घाटाने परत

दुपारी एक, फार तर दीड वाजता माथा सोडावा. उतरताना पावले लहान टाकावीत आणि गुडघे किंचित वाकवलेले ठेवावेत. कोरड्या पाचोळ्याखालचे गोटे दिसत नाहीत आणि टाच आधी टेकली की माणूस पाठीवर पडतो. हातात काठी असेल तर तिचा सर्वांत जास्त उपयोग इथे होतो. पदरावर आल्यावर, सकाळी विचारून ठेवल्याप्रमाणे, गणेश घाटाची वाट धरावी.

ही वाट लांब आहे, पण तिच्यात कुठेही कातळ चढावा-उतरावा लागत नाही. पदरगडाला वळसा घालत ती उताराला आडवी जाते. सकाळी लांबून पाहिलेला तो कातळ आता इतका जवळ येतो की मान मागे टाकून पाहावे लागते. वाटेत विहीर लागते. विहिरीत बाटल्या, पाय किंवा कपडे धुऊ नयेत. पोहऱ्याने पाणी काढून बाजूला व्हावे. पुढे काही ठिकाणी झाडी विरळ होते आणि पश्चिमेकडे कललेले ऊन थेट तोंडावर येते, म्हणून टोपी आणि उरलेले एक लिटर पाणी या टप्प्यासाठी राखून ठेवावे. ज्या गणपतीवरून घाटाला नाव मिळाले त्याचे छोटे देऊळ घाटाच्या खालच्या भागात आहे. त्याच्या ओट्यावर दहा मिनिटे बसण्याचा आमचा प्रघात आहे. इथून खांडसची घरे आणि शेते दिसू लागतात, आणि गटातल्या मागे राहिलेल्या मंडळींना गाठायलाही ही जागा योग्य आहे. सर्वांची मोजदाद इथे एकदा करावी.

देवळापासून थोडे उतरले की रस्ता लागतो आणि त्या रस्त्याने सकाळचा पूल. पदरापासून गावापर्यंत अडीच ते तीन तास धरावेत. मोबाइलची रेंज घाटात बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे गाडीवाल्याला दूरध्वनी करायचा तो देवळाशी किंवा रस्त्याला लागल्यावर रेंज मिळताच करावा. काही अपघात झालाच तर ११२ या क्रमांकावर मदत मागता येते, शिवाय खांडसच्या लोकांना कळवावे, कारण कोणतीही तुकडी बाहेरून पोचण्याआधी डोंगरात तेच पोचतात.

गावात आल्यावर, वाहन उभे असले आणि चालक घाई करत असला तरी, ज्या घरी मुक्काम केला तिथे जाऊन ‘सगळे उतरलो’ एवढे सांगून यावे. कोणता गट वर गेला आहे आणि कोण अजून उतरलेले नाही याची नोंद त्या घरातली माणसे मनात ठेवून असतात, आणि निरोप मिळाला नाही तर अंधार पडल्यावर ती बॅटरी घेऊन शोधायला निघतात.